किती तुकड्यांत सुटतं

डॉ. आरवाडेंनी फिल्म खिडकीकडे धरली.
म्हणाले, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी
सँडविच दाबल्यावर चटणी यावी तशी बाहेर आलीय.
खांद्यावर बार आता नाही.
उचलायचं तर पंधरा किलोच्या आत.
मी विचारलं, किती दिवस?
त्यांनी फिल्म पाकिटात घातली.

त्रेचाळीस वर्षांची मी, शाळेत पीटी शिकवते.
एकेकाळी राज्यात रौप्य.
मांड्या अजून मागतात,
पाठ देत नाही.

तर असं एक यंत्र असतं, बेल्ट स्क्वॉटचं.
पट्टा कमरेला, साखळी दोन पायांच्या मधून खाली,
आणि मणके वर मोकळे, बिनकामाचे,
लग्नातल्या मानाच्या पाहुण्यांसारखे.

महिनाभर टेप घेऊन पार्किंगमध्ये.
जागा सात बाय पाच, त्यातच ह्यांची स्कूटर,
त्यातच जिन्याखालचा पंप.
दांडीचं यंत्र कमानीत फिरतं,
खाली बसलं की पुढं खेचतं,
बाजारात फुगा दिसलेल्या पोरासारखं.
केबलचं सरळ खाली ओढतं,
पण कप्पीचे पैसे वेगळे, भाडं वेगळं.
पुण्याचा सेल्समन फोनवर म्हणाला,
मॅडम, चारशे किलो घेतं!
म्हटलं, मी घेत नाही.

शेवटी कुपवाडला गेले, एमआयडीसीत,
दस्तगीर मुजावरच्या शेडमध्ये.
तो उसाच्या ट्रॉल्या बनवतो,
शाळेचे गोलपोस्ट त्यानेच जोडलेत, अजून सरळ आहेत.
त्याने खडूने फरशीवर दांडी काढली, टेकू काढला,
चपला बाजूला सारून दोनदा बसून उठला.
कमरेला कोण वजन बांधतं, मॅडम?
तुझी आई घागर कुठं घ्यायची?
डोक्यावर.
आणि दुसरी?
तो हसला. खडू कानामागे ठेवला.

दादा मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचे.
संध्याकाळी बनियन झटकला की
मोरीत पिवळं पाणी.
पाठीवर मारा, पोटावर मारू नका, म्हणतात लोक.
दादांचं पोट पाठीवरच होतं.
सोय एवढीच: एक गोणपाट, घडी करून मानेवर.
त्यांची फिल्म कधी कुणी काढली नाही.

पाइप जाड घाल, मी म्हटलं, जड असू दे,
हललं नाही पाहिजे.
घर कुठं?
कर्नाळ रोड.
दस्तगीरने वेल्डिंगची काच खाली ठेवली.
मग किती तुकड्यांत सुटायला पाहिजे?

पुण्याच्या माणसानं हे विचारलं नव्हतं.

त्या ऑगस्टात आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं.
बार, प्लेटा, बाक, सगळं खाली टाकून आम्ही बोटीत बसलो.
परत आलो तेव्हा प्लेटा जागच्या जागी, गाळात.
बाकाचा पत्ता नाही.
बार हातात घेऊन फिरवला, फिरेना.
धुतला, रॉकेल घातलं, उन्हात ठेवला.
आजही फिरवला की आत काहीतरी करकरतं,
दाताखाली खडा आल्यासारखं.

चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
मधल्या पाच फुटांत
अकरा पायऱ्या, पंधरा किलो, एक माझी कंबर.
ह्यांचे गुडघे मी हिशेबात धरत नाही.

सगळं नट-बोल्टवर केलं तर खुळखुळेल, तो म्हणाला.
खुळखुळू दे.
खाली बसताना आवाज येईल.
गुडघ्यांचाही येतो.
मग त्याने खडूच्या रेघा पुसल्या, पुन्हा काढल्या,
जिथं सांधा तिथं फुली,
बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
नऊ तुकडे. एकोणीसचा एकच पाना.
पाना मात्र वरच्या मजल्यावर ठेवा, मॅडम.

पाच हजार उचल दिली.
पावतीवर त्याने लिहिलं: कमरेचं मशिन, एक नग.
रंग विचारला. हळदी देऊ?
नको, म्हटलं,
ट्रॉलीचा उरला असेल तो लाव.

घरी आले. हे म्हणाले, ठरलं का?
मी चप्पल काढली,
जिना चढून वर गेले, उतरले,
पुन्हा चढले.
नऊ खेपा.
सातव्या खेपेला पाठीनं विचारलं,
हे काय चाललंय.